बर्फातला लांडगा आणि आकारामची सही

आकारामनं आयुष्यात फार थोड्या ठिकाणी सही केली होती. रेशनकार्ड, मुलीच्या लग्नाची नोंद आणि पासपोर्ट. सही करण्याआधी तो कागद दोनदा वाचायचा आणि वाचताना त्याचे ओठ हलायचे. त्या दिवशी त्याच्या मालकाची, लालासाहेबांची गाडी दारात उभी राहिली, ड्रायव्हर धनाजीनं एक कागद आणून ओट्यावर ठेवला, तेव्हाही त्यानं तो तसाच वाचला.

कागदावर चार ओळी होत्या. ‘बर्फातला एकटा’ हा लांडग्याचा फोटो लालासाहेबांनी खुल्या रानात काढला. लांडगा मोकळा आणि जंगली होता. त्याला कसलंही आमिष दाखवलं नव्हतं. हे मी स्वतः हजर राहून पाहिलं आहे. खाली एक रेघ होती आणि रेघेखाली आकारामचं नाव छापलेलं होतं.

“कर लवकर,” लालासाहेब गाडीतूनच म्हणाले. काच निम्मी खाली घेतली होती. पुरी घेतली असती तर आतला गारवा गेला असता. “उद्या चारच्या आत सांगलीला पोचला पायजे.”

“शेठ, ह्यात तुमचं नाव तेवढं खरं हाय.”

धनाजी हसला आणि मालकाकडं बघून खोकला.

“आक्या, थट्टा नगं. इज्जतीचा सवाल हाय.”

“हाय की. तुमच्या बी आन् माझ्या बी. कागद ऱ्हाऊ दे. सकाळी बंगल्यावर येऊन सांगतो.”

गाडी गेली. धुरळा ओट्यावर आला. आकारामनं कागद उचलला, फुंकर मारून झटकला आणि पुन्हा एकदा वाचला. तिसऱ्यांदा वाचूनही तो खरा झाला नाही.

विट्याच्या भागात त्याच्या वेळच्या पोरांना दोनच वाटा होत्या, फौज नाहीतर गलाई. फौजेत आकारामची छाती एक बोट कमी भरली. मग तो सोळाव्या वर्षी लालासाहेबांच्या वडलांबरोबर रेल्वेत बसला आणि तमिळ मुलखात इरोडला उतरला. तिथं त्यांचं गलाईचं दुकान होतं. सराफांनी मोडीचे दागिने आणून द्यायचे, ह्यांनी ते मुशीत आटवायचे, त्यातलं तांबं, जस्त, चांदी काढून टाकायची आणि चोख सोनं परत करायचं. दहा बाय बाराची खोली, मध्ये भट्टी, कोपऱ्यात तेजाब, धातू विरघळवायचं आम्ल. खिडकी नावाला. लालासाहेब त्याच्याच वयाचे होते, पण मालकाचे चिरंजीव असल्यामुळे गल्ल्यावर बसायचे. भट्टी आकारामच्या वाट्याला आली आणि एकेचाळीस वर्षं तिथंच राहिली.

ह्या धंद्यानं त्याला तीन गोष्टी शिकवल्या.

पहिली त्याला मार खाऊन कळली. पहिल्याच आठवड्यात त्यानं दुकान स्वच्छ झाडलं आणि केर गटारात टाकला. लालासाहेबांनी त्याचा कान धरला, गटारापाशी नेलं आणि चिखल हातानं परत भरायला लावला. “गलाईच्या दुकानात केर नसतोय, बेण्या! झाडलोट असती. ती टाकायची न्हाई, मेलास तरी न्हाई.” ते खरंच होतं. झाडलेली माती, फुटक्या मुशी, हात धुतलेलं पाणी, पायपुसणं, सगळं साठवायचं. महिन्याच्या महिन्याला पुडी बांधायची, वर तारीख घालायची. वर्षातनं एकदा सगळं जाळायचं आणि गाळायचं. बुडाला सोन्याचा मणी सापडायचा. मुगाएवढा, पण असायचा.

दुसरी होती बघण्याची. भट्टीत सोनं चोख होत आलं की त्याच्यावर रंग पळतात आणि मग ते एकदाच लखकन चमकतं. तेवढ्यात ते उतरवायचं. पापणी लवली तर चमक हुकते. त्यासाठी तासच्या तास उकिडवं बसून एका जागी डोळा ठेवावा लागतो. तंबाखू मळायची नाही, बोलायचं नाही, पाय आखडला तरी हलायचं नाही.

तिसरी होती जिभेची. सोन्याचा कस म्हणजे टंच. कारागीर जो टंच सांगेल त्यावर व्यवहार. तो आधी मालाच्या मालकाला एकट्याला सांगायचा, मग चारचौघांत. आणि एकदा सांगितला की बदलायचा नाही. एकेचाळीस वर्षांत आकारामचा टंच कुणी खोटा पाडला नव्हता. छातीत तेजाबाचा धूर, उजव्या डोळ्यात पडदा आणि हा शब्द, एवढं घेऊन तो गावी परत आला.

लालासाहेब त्याच्या आधीच परतले होते. दुकान मुलाच्या, यशराजच्या ताब्यात दिलं होतं. आता करायचं काय? कुणी देऊळ बांधतो, कुणी झेडपीला उभा राहतो. लालासाहेबांनी कॅमेरा घेतला. साधासुधा नाही. त्याची भिंगाची नळी बैलगाडीच्या आसाएवढी जाड. ती उचलायला माणूस लागायचा. उचलायला कोण, तर आकाराम. परदेशात भाकरी थापायला, ठेचा कुटायला, भिंग वाहायला आणि “कसा आलाय रं?” असं विचारलं की “लय भारी” म्हणायला.

सहा वर्षांत ते नऊ देश फिरले. जगभर हिंडून जंगली प्राण्यांचे फोटो काढणारा माणूस म्हणून लालासाहेबांचं नाव विट्यापासून साताऱ्यापर्यंत झालं. शाळांतून भाषणं झाली, शाली मिळाल्या. आकारामला हे हिंडणं आतून माहीत होतं. आफ्रिकेत सिंह शोधायचा तिथला वाटाड्या. पहाटे चारला उठून पायाचे माग बघायचा तो, वाऱ्याची दिशा बघायचा तो, काटेरी झुडपातनं गाडी घालायचा तो. सिंह वीस पावलांवर आला की लालासाहेबांना उठवायचं. ते उठायचे, टोपी घालायचे, बोट दाबायचे. सेकंदाला वीस फोटो. कडधान्य पेरल्यासारखे मूठमूठ फोटो टाकायचे, त्यातला एखादा उगवायचाच. मग तिथूनच इरोडला फोन. “यश, आजचा भाव काय रं?” त्या आवाजानं एकदा एक बिबट्या शिकार सोडून गेला. तीन तास वाटाड्यानं श्वास धरला होता. आकारामकडं त्यानं ज्या नजरेनं बघितलं ती नजर आकारामला कळली. दोन्हीकडचे कामकरी होते. भाषा लागली नाही.

“तुमी तिकडं करता तरी काय?” चंद्राबाई, त्याची बायको, विचारायची.

“शेठ वाघरं टिपत्यात.”

“आन् तुमी?”

“मी शेठना टिपतो. गाडीतनं पडाय लागलं की.”

रोज संध्याकाळी लालासाहेब चांगले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि कॅमेऱ्यातलं बोटाच्या नखाएवढं कार्ड आकारामकडं फेकायचे. “ऱ्हायल्यालं पुसून टाक. कचरा हाय.” आकाराम कार्ड घ्यायचा. पुसायचा मात्र नाही. बॅगेत नव्या कार्डांची चळत होती, त्यातलं एक कॅमेऱ्यात घालायचा. जुनं कागदात बांधून, वर गावाचं नाव आणि तारीख घालून, पत्र्याच्या डबीत टाकायचा. कशासाठी, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. झाडलोट टाकायची नाही, एवढंच.

तो लांडगा अमेरिकेतल्या एका थंड मुलखातला. तिथं एक कुंपण होतं. कुंपणात झाडं, ओढा, बर्फ, सगळं बेतशीर. आणि भाड्याचा लांडगा. त्याचं नाव टोबी. हाक मारली की यायचा, पाठ खाजवून घ्यायचा. त्याचा सांभाळ करणारा माणूस ओढ्याच्या पलीकडं टोबीला धरून उभा राहिला. अलीकडं कुणीतरी मांसाची बादली वाजवायला हवी होती. लालासाहेब बर्फात घोंगडीवर आडवे झाले आणि म्हणाले, “आक्या, बादली घे.” आकारामनं बादली वाजवली. टोबी ओढ्यावरून उडाला. दुपारच्या जेवणाआधी सगळं आटोपलं. टोबीनं मांस खाल्लं आणि आकारामचा हात चाटला.

तोच ‘बर्फातला एकटा’. एकटा कसला? चौघं होते. टोबी धरून.

सांगलीच्या एका निसर्गमंडळानं ह्या वर्षी वन्यप्राण्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि त्या लांडग्याला पहिला नंबर दिला. पण मंडळाची कार्यवाह ज्ञानदा नावाची बाई होती. प्राणीशास्त्र शिकवायची आणि नियमाला पक्की होती. नंबर आलेल्या फोटोच्या आधीचे दहा आणि नंतरचे दहा फोटो दाखवायचे, असा नियम. लालासाहेब म्हणाले, चुकून पुसले गेले. बाई म्हणाल्या, मग बरोबर असलेल्या माणसाचा लेखी जबाब आणा, त्याशिवाय बक्षीस जाहीर होणार नाही. म्हणून कागद आणि म्हणून गाडी आकारामच्या दारात.

सकाळी तो पायी विट्याला गेला. टंच आधी मालकाला, एकट्याला. लालासाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात चहा घेत होते. भिंतीवर नऊ देशांतली जनावरं टांगली होती.

आकारामनं दुसरा कागद पुढं ठेवला. रात्री जेवणानंतर त्यानं तो स्वतःच्या हातानं लिहिला होता. ‘फोटो काढताना मी हजर होतो. लांडगा पाळलेला होता. त्याचं नाव टोबी. जागा कुंपणाच्या आत होती. मांसाची बादली माझ्या हातात होती.’ खाली सही.

लालासाहेबांनी वाचलं. चहा थांबला.

“भोसडीच्या, माझ्या मिठाला जागलास म्हणायचं!”

“मीठ खाल्लं, शेठ, तसं भट्टीपुढं घाम बी गाळलाय. फिटलं ते. द्यायचा तर ह्यो कागद द्या. न्हाईतर बक्षीस सोडा.”

“सगळेच करत्यात असं. तुला काय कळतंय त्यातलं?”

“बादली वाजवायचं कळतंय की.”

“आन् मी दिला ह्यो कागद तर लोकं शेण घालतील तोंडात. पन्नास शाळांत भाषणं केल्यात मी. बर्फात तीन दिस उपाशी बसलो म्हणून सांगितलंय.”

“दुपारी जेवलो आपण, शेठ. पिठलं केलं हुतं मी.”

लालासाहेबांनी कागदाचे चार तुकडे केले आणि कुंडीत टाकले. “जा. तुझ्यावाचून अडत न्हाई.”

आकाराम वाकला. त्यानं कुंडीतले तुकडे गोळा केले, खिशात घातले आणि घरी आला. जेवायला बसला. तेवढ्यात फोन वाजला. धनाजी.

“काका, रागावणार न्हाई ना? एक इचारू? तुमच्या सहीत पयल्या अक्षराची काठी खाली लांब येतीया का आखूड?”

“कशाला रं?”

मग धनाजी हळू आवाजात म्हणाला, “शेठ म्हणत्यात, नाव छापल्यालंच हाय, नुस्ती वर ठोकून दे. आमी तासगावात थांबलोय चहाला. मला धा वेळा गिरवाय लावली. माझी सही बी बरी येत न्हाई, तुमची कुठनं येणार?”

“ठोकलीस?”

“ठोकली, काका.”

चंद्राबाईनं भाकरी वाढायला हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. “काय झालं वं?”

“माझं नाव चोरलं,” आकाराम म्हणाला. तो ताटावरून उठला. कोनाड्यातली पत्र्याची डबी काढली, टॉवेलात गुंडाळली आणि येष्टी स्टँड गाठला.

तासगाव सोडून, द्राक्षांच्या मांडवांतनं, बेदाण्याच्या शेडजवळनं गाडी हेंदकाळत गेली. त्याला बसायला जागा मिळाली नाही. डबी त्यानं पोटाशी धरली होती. एरवी त्या पोटाशी शेठचं भिंग असायचं.

सांगलीत हॉल दुसऱ्या मजल्यावर होता. लिफ्ट बंद. आकाराम छाती धरून चढला आणि तिथंच त्याला लालासाहेब दिसले. बक्षिसासाठी वर निघालेले, मधल्या कठड्यावर टेकले होते, चेहरा घामानं भिजलेला, शाल धनाजीच्या हातात. त्यांनी आकारामला बघितलं, डबी बघितली. डबी कसली हे त्यांना चटकन कळलं. असल्या डब्या त्यांच्या दुकानातल्याच होत्या.

“काय हाय त्यात?”

“झाडलोट.”

“तुला पुसाय सांगितलं हुतं!”

“त्याआधी तुमीच सांगितलं हुतं, टाकायची न्हाई म्हणून. गटारातनं भरून घेतली हुती माझ्याकडनं. मेलास तरी न्हाई, म्हणला हुता.”

लालासाहेबांनी डबीकडं हात केला. “जाळून टाक, आक्या. तुझ्या पाया पडतो. जाळ.”

“झाडलोट जाळायची ती गाळायसाठी, शेठ,” आकाराम म्हणाला आणि उरलेल्या पायऱ्या चढला. एकट्याला सांगायचं ते त्यानं सकाळी सांगितलं होतं. आता चारचौघांत.

हॉलमध्ये तीसेक माणसं होती. ‘बर्फातला एकटा’ समोरच्या भिंतीवर, बाकीच्या फोटोंच्या दुप्पट मोठा. ज्ञानदाबाई टेबलाशी होत्या, पुढं धनाजीनं मघाशीच आणून दिलेला तो चार ओळींचा कागद. आकारामनं सहीवर बोट ठेवलं.

“ही माझी न्हाई. नाव माझं हाय, सही माझी न्हाई.” मग त्यानं खिशातले चार तुकडे काढून टेबलावर जुळवले. “ही माझी.”

बाईंनी वाचलं. मान वर करून त्याच्याकडं बघितलं. “काका, हे तुम्ही म्हणताय. पण मला फोटो लागतात.”

“हाईत की.”

त्यानं डबी उघडली. पुड्यांवरची नावं वाचत बोट फिरवलं आणि एक पुडी सोडली. बाईंनी कार्ड कॉम्प्युटरमध्ये घातलं. चित्रं भिंतीवरच्या पडद्यावर पडायला लागली. कुंपणाची तार. टोबीची पाठ खाजवणारा माणूस. उसन्या कोटात बुजगावण्यासारखा उभा असलेला आकाराम, हातात बादली. बादलीत तोंड घातलेला टोबी. हॉलमध्ये कुणीतरी फस्‌कन हसलं. आकारामला ते लागलं. हसणं त्याच्यावरही होतं आणि ते बरोबरच होतं. बादली त्यानं वाजवली होती. नको म्हणायला त्या वेळी तोंड उघडलं नव्हतं, सहा वर्षं उघडलं नव्हतं. नऊ देश फिरून “लय भारी” म्हणत राहिला होता.

लालासाहेब दारापर्यंत आले होते. त्यांनी पडदा बघितला आणि आल्यापावली खाली गेले. उतरायला त्यांना दम लागला नाही.

मंडळाच्या दोघांनी लांडगा भिंतीवरून उतरवला. खिळा राहिला. मोठा होता.

“ह्या बाकीच्या पुड्यांत काय आहे?” ज्ञानदाबाईंनी विचारलं.

“असलंच. शेठ ह्याला कचरा म्हणत्यात.”

बाई चिवट होत्या. एकेक कार्ड घालून बघत बसल्या. माणसं पांगली, खुर्च्या रिकाम्या झाल्या, आकाराम उकिडवा बसून राहिला. आफ्रिका गेली, ब्राझील गेलं. झोपलेले सिंह, गाड्यांच्या रांगा, लालासाहेबांची टोपी. मग एका फोटोशी त्यांचा हात थांबला.

धूसर होता. निम्म्या चौकटीत नुसतं गवत. वर डाव्या कोपऱ्यात ताल, म्हणजे मातीचा बांध, आणि तालीवर एक काटकुळा, मातकट लांडगा, मान वळवून सरळ बघत होता. बरगड्या मोजता येत होत्या.

“हा कुठला?”

“कवठे महांकाळच्या माळावरला. लग्नाला निघालो हुतो, चाक फुटलं. धनाजी चाक घेऊन गेला. शेठच्या फोनची बॅटरी संपली. एक मेंढकी म्हणाली, ह्या तालीवरनं लांडगा जातोय रोज. मग शेठ तालीच्या आडाला पडून ऱ्हायले. लग्नातल्या कापडांत. कुसळं टोचली, मुंग्या चावल्या. पाच तास. हलले न्हाईत.”

“कुणी काढला, तुम्ही?”

आकारामला ‘व्हय’ म्हणता आलं असतं. खोटं पाडणारं कुणी नव्हतं.

“शेठनीच. माझ्या हातात छत्री हुती, ती बी मिटल्याली. शेठ म्हणले, मेंढरासारखा दिसतोय, टाकून दे.” त्यानं पडद्याकडं बोट केलं. “सहा वर्षांत एवढाच एक चोख निघाला, बाई. बाकी सगळं तांबं.”

बाईंनी तो तिथल्या तिथं साध्या कागदावर छापून घेतला. बक्षीस नाही, पण भिंतीवर लावते म्हणाल्या. मोठ्या खिळ्यावर तो हातरुमालाएवढा दिसला. खाली पट्टी लिहायला घेतली. लालासाहेबांचं नाव, मग कवठे महांकाळ.

“तास लिवा,” आकाराम म्हणाला.

“तास कुणी लिहीत नाही, काका.”

“म्हणून तर. लिवा. पाच तास बसून.”

त्यांनी लिहिलं.

तेवढ्यात धनाजी वर आला, धापा टाकत. त्याला आकारामकडं बघवत नव्हतं. “काका, शेठ गाडीत हाईत. काच वर करून बसल्यात. म्हणत्यात, मोठा काढला ते कळलं. आता तिथं काय लावलंय ते इचारून ये.”

“तू बघितलंस न्हवं?”

“मला ते मेंढरू वाटतंय.”

“तर मग सांगू नगंस. म्हणावं, वर येऊन बघा. दोन जिने हाईत. भिंग धराय मी न्हाई येणार खाली.”

धनाजी गेला. आकारामनं पुड्या परत डबीत भरल्या, टोबीचीसुद्धा. हॉलचा माणूस दिवे मालवायला आला, तेव्हा बाईंनी त्याला हातानं थांबवलं. आकाराम भिंतीला टेकून खाली बसला, जिन्याकडं कान लावून. येष्टी सुटायला अजून वेळ होता आणि बसून राहणं त्याच्या अंगवळणी पडलेलं होतं.